बोर्डावरचं कुंकू

आई, माळ्यावरचा तुझा कॉम्प्युटर परवा खाली काढला. ज्या हिरव्या साडीत तू तो बांधून ठेवला होतास ती हात लावताच विरली, पण वरची गाठ काही सुटेना, शेवटी कात्री आणावी लागली. तुझ्या गाठी आम्हाला तू असतानाही सुटत नसत. मी दिवाळीला भोकरदनला आले होते. बाबांनी घराला रंग द्यायचं काढलंय, त्यासाठी माळा रिकामा करायचा होता. भंगारवाला दारात गाडा लावून उभा होता. टाइपरायटरचे सांगाडे, मोडकी स्टुलं, गळका पिंप असं सगळं त्याच्या गाड्यात गेलं, आणि मग बाबा खालून म्हणाले, "ते गाठोडं बी देऊन टाकू का? तुझ्या मायचं डबडं हाये त्यात." मी नाही म्हणाले, इतक्या जोरात की भंगारवाल्यानं आपणहून गाडा पुढे काढला. बाबा म्हणाले, "ठिव बाई, ठिव. मी कुठं हिसकून घेऊन राह्यलो?"

तुझ्या मागे माझं काय झालं ते आधी सांगते. मी जालन्याला लोखंडी सळ्यांच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीनची पॅनेलं बंद पडली की मला बोलावतात. आत सगळी इलेक्ट्रॉनिक्सची कार्डं असतात, ती उघडायची, तपासायची, जुळवायची. काम मला आवडतं, पण साहेब लोकांना मी फारशी आवडत नाही. मशीन का बंद पडलं याचं कारण मी तपासल्याशिवाय सांगत नाही. ते म्हणतात, मॅडम, अंदाजे काहीतरी सांगा, वर कळवायचंय. मी म्हणते, मशीन चालू झालंय ना, चालवा, कारण सापडलं की सांगते आणि नाही सापडलं तर नाही सापडलं म्हणते. यावरून माझी भांडणं होतात. माझा आवाज चढतो. पाठीमागे मला काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही, कारण ही खोड माझी नाही, तुझी आहे.

तुला आठवत असेल, मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. आपल्या पुढच्या खोलीत तुझा टायपिंगचा क्लास चालायचा. मी बोलायला शिकले ती त्या खडखडाटातच. एका सकाळी कोपऱ्यातल्या मशीनची एक कळ अडकली, दाबली की वर येईना. त्या मशीनवर धावड्याहून येणारी एक मुलगी बसायची, बोटं जड, कळा आपटायची. मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं की तिनंच मोडली. ती मुलगी रडायच्या बेतात आली होती. मशीन आडवं केलंस, मला खाली बसवलंस आणि बॅटरी माझ्या हातात दिलीस. आत दांड्यांच्या मुळाशी रिबिनीचा एक दोरा गुंडाळला गेला होता, वेणीच्या लाल रिबिनीचा, आणि लाल रिबिनी घरात फक्त माझ्या होत्या. तू चिमट्यानं तो दोरा काढलास, माझ्या तळहातावर ठेवलास आणि म्हणालीस, "कुणाचं नाव घेण्याआधी झाकण उघडून बघत जा. अंदाजानं बोलायची सवय लागली की सुटत न्हाई." मला इतकी लाज वाटली की मी त्या दिवशी जेवायला बसताना तुझ्याकडे पाठ करून बसले. तू माझ्या ताटात गुळाचा खडा ठेवलास.

आणि तीच तू, आई, तुझ्या स्वतःच्या बाबतीत एका माणसाचा अंदाज ऐकलास आणि मान खाली घातलीस. याचा मला आजही राग येतो. तुझा नाही येत. किंवा येतो, थोडासा तुझाही येतो.

तो कॉम्प्युटर एका पतसंस्थेनं नवे आल्यावर काढून टाकलेला, म्हणजे आपल्याकडे आला तेव्हाच पेन्शनीत निघालेला होता. तरी तू त्याला दारातून आत घेताना भाकरतुकडा ओवाळून टाकलास. बाबा तेव्हा धावड्याच्या शाळेवर होते, सायकल लावून आत आले तर खोलीच्या मधोमध हे धूड आणि भोवती तुझ्या टायपिंगच्या सगळ्या मुली. "काय करायचं ह्याचं?" बाबांनी विचारलं. तू म्हणालीस, "शिकायचं." त्यात दुसरं काही बोलायला जागाच नव्हती. तुझा बेत मला माहीत होता. भोकरदनच्या मुलींना कोणी कॉम्प्युटर शिकायला जालन्याला पाठवणार नव्हतं, औरंगाबाद तर लांबच राहिलं. पण टायपिंगवाल्या काकूंच्या घरी येऊ देतील, तिथं तर त्यांच्या मोठ्या बहिणीही येऊन गेल्या होत्या. आधी स्वतः शिकायचं आणि मग मुलींची बॅच काढायची, असं तू ठरवलं होतंस. बाहेरच्या पत्र्याच्या पाटीवर 'टायपिंग' च्या पुढे 'व कॉम्प्युटर' असं तू पेंटरला बोलावून आधीच लिहून घेतलं होतंस. इतकी घाई तू दुसऱ्या कशाची केलेली मी पाहिली नाही.

तू शिकत होतीस ते दिवस मला फार स्पष्ट दिसतात. सकाळची बॅच संपलेली, टाइपरायटरांवर झाकणं घातलेली, तू पदर खोचून कॉम्प्युटरपुढे बसलेली. शेजारी जालन्याहून आणलेलं पुस्तक, त्याच्यावर वजन म्हणून लाटणं. टायपिंग करून करून तुझी बोटं इतकी तयार की ती कीबोर्डवर मी पाहूही शकणार नाही अशा वेगानं पळतात, आणि पडद्यावर मात्र चूक, पुन्हा चूक. तू चिडत नाहीस. पडद्याकडे बघून म्हणतेस, "बरं, तुझं काय म्हणणं हाये ते सांग." हिरव्या अक्षरांचा उजेड तुझ्या चष्म्यावर पडलाय. स्वयंपाकघरात वरण उतू जातं, त्याचा वास येतो, मी ओरडते, तरी तू उठत नाहीस. तुला कशात तरी इतकं रमलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आई म्हणजे सतत कुणाचं तरी काहीतरी करणारी बाई, असंच मला तोवर वाटत आलं होतं.

गणपती झाले आणि त्या मशीननं तारीख विसरायला सुरुवात केली. सकाळी चालू केलं की ते खुशाल ऐंशी सालचा एक जानेवारी दाखवायचं आणि तारीख विचारायचं. तू रोज कॅलेंडर बघून तारीख घालायचीस. "ह्याचं माझ्या सासऱ्यावानी झालंय," तू म्हणायचीस, "रोज सांगावं लागतं आज कोणता वार हाये ते." आम्ही हसायचो. तो बिघाड आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, म्हाताऱ्या मशीनची एक सवय म्हणून आम्ही ते चालवून घेतलं.

मग खंडेनवमी आली. आपल्या घरात तो दिवस म्हणजे टाइपरायटरांचा पोळा. आदल्या दिवशी तू सगळी मशीनं उघडायचीस, रॉकेलमध्ये बुडवलेल्या दातांच्या ब्रशानं एकेक अक्षर घासायचीस, तेल द्यायचीस. नवमीला त्यांना आराम. झेंडूची फुलं वाहायची आणि कुंकू लावायचं, पण बाहेरून नाही. लोक झाकणाला लावतात, तू झाकण काढून आतल्या दांड्यांना लावायचीस. "राबतंय ते आत राबतंय, झाकणाला कुंकू लावून काय व्हतं?" हे तुझं म्हणणं. त्या वर्षी कॉम्प्युटरलाही त्याच न्यायानं उघडलास. मी स्क्रू काढून दिले. आतला बोर्ड आपण दोघींनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. तू चष्मा पुसून कितीतरी वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, "अगं, हे तर गावाच्या नकाशासारखं दिसून राह्यलं." मग कुठं लावायचं याचा नीट विचार केलास. सगळ्यात मोठा काळा चौकोन पाहिलास, त्यावर कुठं तार नाही, टाका नाही, हे बोटानं दाखवून मला पटवून दिलंस, आणि ओल्या बोटानं त्यावर कुंकवाचं एक बोट ओढलंस. थोडं कुंकू कडेनं खाली सांडलं, ते तू फुंकर घालून उडवलंस. त्या फुंकरीनं सगळं उडालं नव्हतं, ते मी परवा पाहिलं.

दसऱ्याचा दिवसही मशीनं बंदच होती. नंतर तू कॉम्प्युटर चालू केलास तर पडदा लागला, पण कीबोर्डची एकही कळ चालेना. मशीन बीप बीप करत तिथंच अडून राहिलं. शेजारच्या पतसंस्थेतून दुसरा कीबोर्ड मागून आणला, तेच. थोड्या दिवसांनी पडदाही लागेना. जालन्याहून मेकॅनिक आला. चांगला पोरगा होता, त्याला मी वाईट म्हणत नाही. आपल्याकडे पोहे खाल्ले, तुला काकू काकू म्हणाला. त्यानं झाकण काढलं, आतलं कुंकू पाहिलं आणि तपासायचं थांबला. "काकू, पूजा केल्ती का ह्याची?" तू हो म्हणालीस. "मंग संपलं. कुंकू ओलं व्हतं, त्यात काय काय मिसळेल राहतं. शॉर्ट झाला. बिलकुल गेला बोर्ड." त्यानं तारा तपासायचा मीटर पेटीतून बाहेरही काढला नाही. तू त्याला एकदाच विचारलंस, "कुंकवानंच?" तो म्हणाला, "दुसरं काय असणार काकू? दिसूनच राह्यलं." तू मान हलवलीस आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेलीस.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते लिहायचंच आहे. गाव हसलं. वाईट मनानं कुणी हसलं नाही, तेवढी माया तुझ्यावर होती गावाची, पण हसलं. कुंकवानं मेलेला जगातला पहिला कॉम्प्युटर आमच्या घरात आहे, असं बाबा शाळेत सांगायचे. दरवर्षी खंडेनवमीला कुणीतरी विचारायचंच, काकू, औंदा काय उघडणार? कुंभार पिंपळगावला आजोळी गेलो तर मामाही म्हणाला, ताई, आमच्या विहिरीवरच्या इंजिनाला लांबूनच नमस्कार कर. तू सगळ्यांबरोबर हसायचीस. "हासा, हासा," म्हणायचीस. पण पाटीवरचं 'व कॉम्प्युटर' तू पेंटरला बोलावून पुसून घेतलंस. कॉम्प्युटर साडीत बांधून माळ्यावर टाकलास. खंडेनवमीला मशीनं उघडणं बंद केलंस, लोकांसारखं झाकणाला कुंकू लावू लागलीस. पुढे तालुक्यात कॉम्प्युटरचे क्लास निघाले, बँकेत आले, बाबांच्या शाळेत आला, पण तू परत कधीही त्या कळांना बोट लावलं नाहीस. शाळेत बाबांनी एकदा कौतुकानं तुला खुर्चीवर बसवलं तर तू हात मांडीवर घेऊन बसलीस आणि म्हणालीस, "न्हको. माझ्या हातानं बिघडतंय."

मी ते ऐकलं होतं. माझ्या हातानं बिघडतंय. ज्या हातांनी निम्म्या तालुक्याच्या मुलींना नोकरीला लावलं ते हात.

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला निघाले तेव्हा तू मला मीटर दिलास. काट्याचा, काळ्या पेटीतला, जालन्याला जाऊन स्वतः आणलेला. दुकानदाराला काय म्हणून विचारलं असशील, देव जाणे. माझ्या पिशवीत चिवड्याच्या डब्याशेजारी तो ठेवलास आणि एवढंच म्हणालीस, "तुला लागंल. बघूनच बोलावं मानसानं." पहिल्या सुट्टीत मी तो घेऊन आले आणि म्हणाले, आई, तो कॉम्प्युटर खाली काढू, मी बघते. तुझा चेहरा बदलला. "त्याला हात लावायचा न्हाई. हाये तिथं राहू दे." इतक्या कडक आवाजात तू माझ्याशी फार कमी वेळा बोललीस. मी परत विषय काढला नाही. माझं शिक्षण संपायच्या आत तू गेलीस. त्यानंतर मला अडवणारं कुणी नव्हतं, तरी मी माळ्यावर चढले नाही, कारण मला भीती वाटायची. खरंच कुंकवानं बिघडलेला निघाला तर? जोवर गाठ बांधलेली होती तोवर निदान ते नक्की नव्हतं.

तर परवा ओसरीवर सतरंजी टाकली आणि बसले. बाबा खुर्ची घेऊन समोर. मी एकच गोष्ट ठरवली की कुंकवाला हात लावायचा नाही. बाकी जे दुरुस्त करायचं ते करायचं, पण कुंकू आहे तसं ठेवून. कुंकू पुसलं आणि मशीन चालू झालं तर कशामुळे झालं ते कधीच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे कॉलेजात शिकवतात, पण खरं तर ते तूच शिकवलंस. झाकण काढलं. धूळ, झुरळाची अंडी, आणि त्या मोठ्या काळ्या चौकोनावर तुझ्या बोटाची रेघ. रंग काळपट झालाय, पण बोट तुझंच आहे, वर जाड आणि खाली निमुळतं. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. बाबांनीही पाहिलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

मग मी बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. तिथं एक छोटी गोल बॅटरी असते, मशीन बंद असताना तारीख वेळ लक्षात ठेवण्यापुरती. ती फुटून वाहिली होती. तिच्याभोवती हिरवट पांढरी बुरशी चढलेली, आणि ती बुरशी जिथवर पसरली होती तिथून कीबोर्डच्या तारा जातात. आई, मला तेव्हा काय झालं सांगू? मला ऐंशी सालचा एक जानेवारी आठवला. तुझं ते रोज कॅलेंडर बघून तारीख घालणं. म्हणजे बॅटरी गणपतीपासूनच मरायला टेकली होती, खंडेनवमीच्या कितीतरी आधीपासून. तिच्यातलं पाणी झिरपत झिरपत तांब्याच्या रेघा खात होतं आणि आपण सासऱ्याची नक्कल करून हसत होतो. पण नुसतं वाटून काय उपयोग? दिसूनच राह्यलं, असं तो मेकॅनिकही म्हणाला होता.

बाबांनी परसातलं लिंबू तोडून आणलं. लिंबाच्या रसानं ती बुरशी मरते, मग स्पिरिटनं धुवायचं. ब्रश दातांचाच. बॅटरी काढून टाकली, बोर्ड उन्हात वाळवला, आणि तुझ्या मीटरनं एकेक रेघ तपासत गेले. कुंकू सांडलं होतं तिथल्या, त्या काळ्या चौकोनाच्या धातूच्या पायांनाही मीटर लावला. जिथं काटा हलायला नको तिथं हलला नाही. कीबोर्डकडे जाणारी एक रेघ मात्र मधूनच खाल्लेली सापडली, तिच्यावर केसाएवढी तार टाकून टाका मारला. सगळं जोडलं. पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला.

खरं सांगते, तेव्हा मी ब्रश उचलला होता. कुंकवाच्या दिशेनं. एकदा पुसून बघावं आणि मोकळं व्हावं असं इतकं वाटलं. बाबा म्हणाले, "काहून थांबलीस?" मी म्हणाले, चहा करा. ते चहा करेपर्यंत मी ब्रश हातातच धरून बसले होते. मग तो ठेवला आणि बोर्ड पुन्हा उन्हात आडवा धरून बघितला. बॅटरीच्या जागेखालून आणखी एक बारीक रेघ जाते, बुरशी धुतल्यावरही ती वरून धडधाकट दिसत होती. सुईनं टोचली तर भुगा निघाला. तीही जोडली. चहा गार झाला.

पंखा फिरला. एक बीप. पडद्यावर आधी नुसता उजेड, मग हिरवे आकडे चढत गेले. जिच्यावरून मशीन सुरू व्हायचं ती तुझी जुनी फ्लॉपी चालेल असं वाटलं नव्हतं, पण तीही कुरकुरत चालली. आणि मशीननं ऐंशी सालचा एक जानेवारी दाखवून आजची तारीख विचारली. मी आजची तारीख घातली. प्रत्येक कळ चालली. त्या काळ्या चौकोनावर, म्हणजे प्रोसेसरवर, तुझं कुंकू जसंच्या तसं होतं, सांडलेलंही तसंच, आणि मशीन बराबर चालत होतं. मी रडले. ओसरीवर बसून, रस्त्यावरची माणसं बघत असताना, मोठ्यानं रडले. आजवर इतकी मशीनं चालू केली, अशी कधी रडले नव्हते.

बाबांना समजायला वेळ लागला. "म्हंजे कुंकवानं न्हवता बिघडला?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. "तिच्या हातानं न्हाई?" नाही बाबा, बॅटरी फुटली होती, तिनं हात लावायच्या आधीपासून. तेव्हा ते अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "तिला कळवून टाक." तू पिंपळगावला माहेरी गेलीस की ते मला असंच सांगायचे, मांजरीला पिल्लं झाली, तिला कळवून टाक, तूर निघाली, तिला कळवून टाक. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन बाहेर पडले ते दुपारी आले. ओळखीच्या घरोघर जाऊन सांगून आले होते की आमच्या हिच्या कुंकवानं कॉम्प्युटर बिघडला नव्हता. निम्म्या लोकांना ती थट्टाही आठवत नव्हती. एकजण म्हणाला म्हणे, कोणता कॉम्प्युटर, मास्तर? बाबांनी त्याला पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली, ती थट्टा नेमकी कोण करायचं तेही सांगितलं.

म्हणून हे कळवतेय. तुझ्या हातानं काही बिघडलं नव्हतं. त्याला हे तुला पंचवीस मिनिटांत सांगता आलं असतं, त्या पोरानं मीटर पेटीतून काढला असता तर, आणि मग तू कोण झाली असतीस, किती मुलींना काय काय शिकवलं असतंस, ते मी मोजत बसणार नाही. फक्त तुझे हात डोळ्यांपुढे येतात, मांडीवर घेतलेले, आणि मला ते उचलून कळांवर ठेवावेसे वाटतात.

बाबांनी आत्ताच विचारलं, कळवलंस का. मी हो म्हणाले. हे कागद माझ्या डब्याच्या पिशवीत आहेत, उद्या कारखान्यात जातील आणि परत येतील. पण तुझ्यापाशी खोटं बोलवत नाही, म्हणून एवढं सांगते. इतकी वर्षं अंदाजाला अंदाज म्हणायचं म्हणून मी जगाशी भांडत आले, तपासल्याशिवाय कुणालाही कारण दिलं नाही. पण परवा ती दुसरी रेघ सापडली नसती, आणि कुंकू पुसल्यावरच मशीन चालू झालं असतं, तरी मी तुला हेच लिहिलं असतं.